लाल ओळीची घंटा

मित्रांनो, मी एक जुनी घंटा आहे. टांगायची नव्हे, टेबलावर ठेवायची. तळहातावर मावेल एवढी पालथी पितळी वाटी आणि तिच्या डोक्यावर एक बटण. बटण दाबले की आतला हातोडा वाटीवर आपटतो आणि मी ओरडते. माझ्यात एवढेच आहे. दाबल्यावर गप्प बसायची सोय माझ्यात नाही. मग हिच्याकडे सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. माझ्यामुळे एक माणूस मेला का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. तुम्ही सगळे ऐका आणि काय ते ठरवा.

माझा जन्म एका ओतकामाच्या कारखान्यात झाला. मला घडवणारा कारागीर कानाने काम करायचा. वाटी घासूनपुसून झाली की तो तिला नखाने टिचकी मारायचा, डोळे मिटून ऐकायचा आणि आवाज बसका निघाला तर वाटी पुन्हा भट्टीत टाकायचा. माझ्या आधीच्या तिघी अशाच परत गेल्या. माझ्यावर टिचकी पडली तेव्हा त्याने मला उजवीकडच्या फळीवर ठेवले. उजवीकडची फळी म्हणजे पास. तेव्हापासून मला माझ्या आवाजाचा ताठा आहे. पुढे जे घडले त्यात या ताठ्याचाही हात होता, हे आधीच कबूल करून टाकते.

माझी पहिली नोकरी एका इस्पितळात, चौकशीच्या खिडकीवर. ती माझी सोन्यासारखी वर्षे. कुणी मला दाबले की आतून "आले, आले" असा आवाज यायचा आणि मागोमाग माणूस यायचा. एकदा एका बाईने मला कोपराने दाबले, कारण तिच्या दोन्ही हातांत मूल होते. त्या एका दाबण्यावर तिघे धावले. घंटा वाजली की कुणीतरी मदतीला येते, हा जगाचा नियमच आहे असे मी धरून चालले होते. कारखान्यातून थेट त्या खिडकीवर आलेली मी, मला दुसरे काय ठाऊक असणार?

मग खिडकीवर नंबर दाखवणारा पडदा लागला आणि माझी रवानगी एका खणात झाली. सात वर्षे मी एका मोडक्या स्टेपलरशेजारी आणि वाळलेल्या शाईच्या पॅडशेजारी पडून होते. अंगावर हिरवट डाग चढले. तिथून मला बाहेर काढले ते साहेबांनी.

साहेब म्हणजे त्याच इस्पितळाच्या आकडेवारी विभागाचे प्रमुख. तिसऱ्या मजल्यावर सहा टेबलांची खोली, खिडकीतून समोरची पाण्याची टाकी दिसायची. प्रत्येक वॉर्डातून रुग्णांच्या फायली तिथे येत आणि तिथली माणसे संगणकाला लेखी हुकूम देऊन त्यांतून सरासऱ्या, तक्ते, तुलना काढत. हुकूम चुकला की स्क्रीनवर लाल ओळ उमटे. लाल ओळ दोन जातींची. एरर आली की संगणक काम टाकून देतो. वॉर्निंग आली तर काम पुरे करतो, पण जाता जाता कुरकुर करून ठेवतो.

साहेबांनी मला पावडरने घासून लखलखीत केले, आपल्या टेबलाच्या कडेला ठेवले आणि खोलीला नियम सांगितला.

"लाल म्हणजे लाल. एरर असो नाहीतर वॉर्निंग. ज्या नव्या माणसाच्या स्क्रीनवर येईल त्याने उठायचं, इथे यायचं, घंटा दाबायची आणि ती ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचायची. लाज वाटली की लक्षात राहतं."

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मी हरखून गेले. सात वर्षांनी माझा गळा मोकळा होणार होता. पहिल्यांदा एका नव्या मुलाने मला दाबले तेव्हा मी अशी ठणठणले की समोरच्या टाकीवरची कबुतरे उडाली. मी वाट पाहत राहिले, आता कुणीतरी "आले, आले" म्हणेल म्हणून. कुणी आले नाही. सगळे हसले. मुलाचे कान लाल झाले, तो जागेवर गेला आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा आला. मग मीही ठरवले, हसण्यासाठी तर हसण्यासाठी. आपण वाजतो आहोत ना? हळूहळू मला त्याची चटकच लागली. कोण उठतो, कुणाचे पाय जड पडतात, कुणाच्या हाताला घाम आहे, हे मी बटणावरून ओळखू लागले.

त्या खोलीत एक दिवस सिस्टर आल्या.

सिस्टर म्हणजे भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डातल्या नर्स. एकवीस वर्षे त्यांनी तिथे काढली होती. माणसे उचलून उचलून कमरेचा मणका सरकला, उभे राहायचे काम बंद झाले, वॉर्डात त्यांच्या जागी बदली नर्स आली आणि त्यांना सहा महिन्यांच्या बोलीवर आकडेवारीत पाठवले गेले. इथे जमले तर ठीक, नाही तर इस्पितळ सुटले. वय पंचेचाळीसच्या पुढे, टायपिंग दोन बोटांनी. पहिल्याच दिवशी त्यांनी एक छोटी वही टेबलावर ठेवली. वॉर्डात ताप लिहायच्या तशाच रकाने आखून: वेळ, तक्रार, उपाय.

वही लवकर भरू लागली. पहिल्याच आठवड्यात त्या एक कंस बंद करायला विसरल्या. संगणकाला वाटले, हुकूम अजून पुरा झालेला नाही. तो नुसते अधिकचे चिन्ह दाखवून त्यांची वाट पाहत बसला आणि त्या त्याची वाट पाहत बसल्या. अर्धा तास गेला. साहेब मागे येऊन उभे राहिले.

"सिस्टर, दोघांचं लग्न लावून द्यायचं का?"

त्यात लाल काही नव्हते, तरी घंटा वाजवावी लागली. दुसऱ्या दिवशी फाइल सापडेना. फाइल होती एका फोल्डरमध्ये आणि संगणक शोधत होता भलत्याच फोल्डरमध्ये. सिस्टरांनी ओळ वाचली. साहेब पेन्सिलला टोक करत म्हणाले, "पेशंट पहिल्या मजल्यावर असताना तुम्ही इंजेक्शन घेऊन तिसऱ्या मजल्यावर फिरत होतात का हो? एकवीस वर्षं?"

मग तक्त्याचे नाव मोठ्या अक्षराने ठेवून लहान अक्षराने हाक मारली, म्हणून घंटा. हुकूम लिहिला पण चालवायचाच राहिला, आणि खालच्या ओळीने "असे काही इथे नाही" म्हटले, म्हणून घंटा. एका दिवसात सात वेळा. प्रत्येक वेळी त्यांना कमरेला हात लावून उठावे लागे, चौदा पावले यावे लागे आणि चौदा पावले परत जावे लागे. साहेब प्रत्येक घंटेला एका कागदावर रेघ मारत. दुसरा महिना संपला तेव्हा सिस्टरांच्या नावावर त्रेसष्ट रेघा होत्या. मी त्रेसष्टही वेळा खणखणीत वाजले. एकदाही बसका आवाज काढला नाही.

पण त्या शिकत होत्या. वहीतल्या तक्रारी पुन्हा होत नव्हत्या. एरर जवळजवळ थांबल्या होत्या. उरल्या होत्या वॉर्निंग. त्या कशाने येतात आणि कशाने जातात, याचा त्यांना थांग लागेना.

कोपऱ्यात एक जुने कारकून बसत. त्यांना सगळे दादा म्हणत. मनाने भले, कुणाचे हाल त्यांना बघवत नसत. एका दुपारी साहेब बैठकीला गेले असताना दादा चिठ्ठी घेऊन सिस्टरांच्या टेबलाशी आले.

"ही एक ओळ प्रोग्रामच्या अगदी वर टाका. वॉर्निंगचं तोंड बंद होतं."

"म्हणजे चूक सुधारते?"

"चूक नाही हो, नुसती कटकट जाते. मी नवीन होतो तेव्हापासून टाकतोय. नऊ वर्षं झाली. कुणाला कळलंय का?"

सिस्टरांनी चिठ्ठी वहीत ठेवली. दुसऱ्या दिवशीपासून माझा गळा बंद झाला. मी चिडले, खरेच सांगते. मला वाटले, माझे दिवस पुन्हा फिरले. साहेब मात्र खूश. "बघा," ते खोलीला म्हणाले, "लाज वाटली आणि सिस्टर शिकल्या."

तिसऱ्या महिन्यात सिस्टरांकडे त्यांच्याच जुन्या वॉर्डाचे काम आले. सहा महिन्यांपूर्वी त्या वॉर्डात दुसरी नर्स दिली होती. तोपर्यंत एकच नर्स असल्यामुळे जखमांची पट्टी दिवसाआड बदलली जाई. दुसरी आल्यापासून रोज. आता वरिष्ठांना विचारायचे होते की दुसऱ्या नर्समुळे रुग्ण लवकर घरी जातात का. जात असतील तर ती राहील, नसतील तर तिला हलवायचे. ती दुसरी नर्स सिस्टरांच्याच हाताखाली तयार झालेली. सगळा वॉर्ड तिला धाकटी म्हणे. आदले चाळीस रुग्ण, नंतरचे चाळीस रुग्ण, अजून वॉर्डात असलेले धरून प्रत्येकाच्या मुक्कामाचे दिवस. काढायच्या दोन सरासऱ्या. इतके सोपे काम.

सिस्टरांनी फाइल उघडली, दिवसांचा रकाना आकड्यांत बदलायचा हुकूम दिला. लाल ओळ उमटली नाही. मग सरासरी मागितली, तर उत्तराच्या जागी उत्तरच नाही, नुसते "रिकामे" असे आले. त्यांनी दादांना खुणावले.

दादा वाकून बघत म्हणाले, "मध्ये काही जागा रिकाम्या असणार. रिकाम्या वगळून सरासरी काढ, असं सांगायचं त्याला."

"पण रिकाम्या आल्या कुठून? आम्ही वॉर्डात एकही रकाना रिकामा सोडत नव्हतो."

"वॉर्डाच्या फायली सिस्टर, असायच्याच. एवढं काय?"

दादा गेले. सिस्टर थोडा वेळ स्क्रीनकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी कमरेला हात लावला आणि त्या अर्ध्या उठल्या. साहेबांना विचारायला येणार होत्या, हे मला कळले. त्यांनी साहेबांकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

आणि त्या खाली बसल्या.

मित्रांनो, मी तेव्हा लखलखत होते. त्या सकाळीच साहेबांनी मला पुसले होते. ती बाई पुन्हा बसली ते माझ्या धास्तीने, हे तेव्हाही मला दिसत होते. मला त्यात थोडी शेखीच वाटली.

उत्तर आले: आधी सोळा दिवस, नंतर सतरा दिवस. म्हणजे रोज पट्टी करून उलट एक दिवस वाढलाच. साहेबांनी अहवाल वाचला आणि पहिल्यांदाच सिस्टरांना बसायला खुर्ची दिली.

"पण साहेब," त्या म्हणाल्या, "मी स्वतः पाहिलंय. रोज पट्टी झाली की जखम..."

"तुम्ही पाहिलंय. आणि हे मोजलंय. मोजलंही तुम्हीच. कशावर सही करू?"

साहेबांनी सही केली. आठवड्याभरात धाकटीला वॉर्डातून काढून खाली चौकशीच्या खिडकीवर बसवले. माझ्याच जुन्या जागी.

पाच आठवडे गेले. एका दुपारी धाकटी वर आली. हातात अहवालाची प्रत होती. ती सिस्टरांच्या टेबलाशी उभी राहिली, बसली नाही.

"ताई, सात नंबर गेला. सकाळी."

"वेल्डर?" सिस्टरांचा हात कीबोर्डवरून खाली आला. "तो तर सुधारत होता."

"रोज पट्टी होती तोवर सुधारत होता. दिवसाआड केली आणि जखम आतून पिकली. एकटी नर्स किती बघणार?" धाकटीने अहवाल टेबलावर ठेवला. "मी भांडायला नाही आले. एकच सांगा मला. वेल्डर तुमच्या यादीत होता ना? वॉर्डात सगळ्यात जास्त दिवस राहिलेला माणूस. मग तुमच्या तक्त्यात सगळ्यात मोठा मुक्काम एकोणचाळीस दिवसांचा कसा?"

"एकोणचाळीस," सिस्टर म्हणाल्या.

पुढे त्या काय म्हणाल्या ते मी शब्दन् शब्द ऐकले. त्या वॉर्डात प्रत्येक पलंगाच्या पायाशी एक पाटी असे आणि तिच्यावर रोज दिवसाचा आकडा लिहीत. रुग्ण पडल्या पडल्या तो आकडा वाचत. अठ्ठेचाळीस, एकोणपन्नास, आणि माणूस हाय खाई. म्हणून वीस वर्षांपूर्वी सिस्टरांनीच एक पद्धत पाडली. चाळीस ओलांडले की पुढे लिहायचे नाही. "४०+" एवढेच लिहायचे आणि पाटी पुसायची नाही. माणसाला बरे वाटते. फाइल भरणारा पाटीवरून फाइल भरे. तिथेही "४०+".

माणसाला ते कळते. संगणकाला त्यातले अधिकचे चिन्ह चालत नाही. आकडा नाही म्हणून त्याने त्या जागा रिकाम्या केल्या, आणि तो तसे सांगणारही होता. पण चिठ्ठीतल्या ओळीने त्याचे तोंड बांधलेले होते.

सिस्टरांनी चिठ्ठीतली ओळ प्रोग्राममधून पुसली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. लाल ओळ उमटली. त्यांनी रिकाम्या जागा मोजल्या. अकरा. दिवसाआड पट्टीवाले नऊ, रोज पट्टीवाले दोन. प्रत्येकाचे नुसते चाळीसच धरले तरी सोळाचे एकवीस झाले आणि सतराचे अठरा. दुसऱ्या नर्समुळे माणसे तीन दिवस आधी घरी जात होती.

त्या उठल्या. कमरेला हात न लावता चौदा पावले आल्या आणि त्यांनी मला दाबले.

"वॉर्निंग," त्यांनी मोठ्याने वाचले. "आकड्यात बदलता आलं नाही म्हणून काही जागा रिकाम्या केल्या. पलंग सात, वेल्डर."

कुणी हसले नाही. त्यांनी मला पुन्हा दाबले.

"पलंग तीन, इस्त्रीवाली."

पुन्हा दाबले. "पलंग बारा, बॉयलरवर काम करणारा. त्याची बायको रोज डबा घेऊन यायची." पुन्हा. "पलंग नऊ, शाळेतल्या बाई." पुन्हा. "पलंग एक, आजोबा. दोन्ही हात."

सहाव्या वेळी साहेबांनी माझ्यावर तळहात ठेवला. हातोडा आपटला, पण आवाज निघाला नाही. पितळेवर हात ठेवला की आमचा आवाज तिथेच मरतो. कारागिराने मला एवढे निरखून ऐकले होते, पण यावर त्याच्याकडेही उपाय नव्हता.

"सिस्टर, ही एरर नाही," साहेब म्हणाले. "नुसती वॉर्निंग आहे. वॉर्निंगला घंटा नसते."

"साहेब, तुम्हीच म्हणाला होतात, लाल म्हणजे लाल."

"अहवाल गेला. सही झाली. बसा जागेवर."

सिस्टर बसल्या नाहीत. उरलेली सहा माणसे त्यांनी घंटेवाचून, उभ्या उभ्या, एकेक करून वाचली. धाकटी दाराशी तोंडावर हात ठेवून रडत होती. दादा स्क्रीनमागे डोके घालून बसले होते. नऊ वर्षांत आपण काय काय गप्प केले, हे ते बहुधा मोजत असावेत, किंवा मोजायचे टाळत असावेत.

सिस्टर स्वतःच वरिष्ठांकडे गेल्या. दीड महिना फाइल फिरली आणि धाकटी वॉर्डात परत गेली. तोवर आणखी कुणाकुणाचे काय झाले, ते मला माहीत नाही. तिसऱ्या मजल्यावर तेवढे ऐकू येत नाही. सिस्टरांना मात्र कायम केले नाही. त्यांच्या कागदावर साहेबांनी कारण लिहिले: "पहिल्या दोन महिन्यांत त्रेसष्ट चुका." सगळी खोली जाणत होती की जी चूक अहवालात गेली ती त्या त्रेसष्टांत नव्हतीच. पण त्रेसष्टला पुरावा होता, आणि पुरावा मी होते. जाताना सिस्टरांनी वही पिशवीत टाकली, खुर्ची आत सरकवली आणि त्या निघून गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

मी अजून त्याच टेबलावर आहे. साहेब मला रोज पुसतात, पण मी आता वाजत नाही. मोडले म्हणून नव्हे. नव्या माणसांच्या स्क्रीनवर लाल कुरकुर उमटतच नाही, आणि एरर आलीच तर साहेबांनी पाहायच्या आत ती पुसली जाते. सिस्टर गेल्या त्याच आठवड्यात दादांची ती चिठ्ठी खोलीभर फिरली. सिस्टरांचे काय झाले ते सगळ्यांनी पाहिले होते, आणि जो तो आपापला धडा शिकला. आता प्रत्येक प्रोग्रामची पहिली ओळ तीच असते. खोलीत चिडीचूप असते. पाहुणे आले की साहेब माझ्यावर बोट ठेवून अभिमानाने सांगतात, "वर्ष झालं, ही वाजली नाही. आमच्याकडे आता चुका होत नाहीत."

मित्रांनो, मी पितळेची, मला कुणाची दया मागायची नाही. वाटले तर वितळवा आणि माझे कुलूप करा. पण कालची एक गोष्ट सांगते आणि थांबते. सिस्टरांच्या खुर्चीवर नवी मुलगी आली आहे. काल दुपारी ती स्क्रीनकडे बघता बघता खुर्चीतून अर्धी उठली. तिने साहेबांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले आणि ती खाली बसली. तिच्या शेजारी पाच माणसे होती. तुम्ही तिथे असाल तर एवढे करा, उठून तिच्या टेबलाशी जा आणि विचारा, काय अडले आहे. कारण मी ओरडू शकत नाही. मला दाबायला कुणीतरी लागते.